अमेरिकेतल्या विद्यापीठात ऑनर्स प्रोग्रॅम: पदवीच्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

प्रवेशाच्या पत्रासोबत किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत आणखी एक पत्र येतं: "तुम्हाला ऑनर्स प्रोग्रॅमसाठी निमंत्रण आहे." घरात आनंद होतो, पण हे नेमकं काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. मी स्वतः एका मोठ्या राज्य विद्यापीठात चार वर्षं ऑनर्स केलं, थीसिस (स्वतःच्या संशोधनावरचा प्रबंध) लिहिला, आणि त्यानंतर बऱ्याच मुलामुलींना अर्ज करायला मदत केली. तेव्हा पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ऑनर्स प्रोग्रॅम म्हणजे नेमकं काय?

मोठ्या राज्य विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मानसशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या वर्गात दोनशे-तीनशे मुलं बसलेली असतात. प्राध्यापकांना तुमचं नाव कळण्याची शक्यता नसतेच. ऑनर्स म्हणजे अशा विद्यापीठाच्या पोटात वसवलेलं एक छोटं कॉलेज. तिथे वर्गात पंधरा-वीस जण असतात, व्याख्यानापेक्षा चर्चा जास्त चालते, लिहिणं भरपूर असतं आणि बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षी स्वतःचा थीसिस करावा लागतो.

सहसा पदवी वेगळी मिळत नाही. बाकीच्यांसारखीच साधारण १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक) पदवी, फक्त त्यातली १८ ते ३० क्रेडिट ऑनर्सच्या वर्गांतून पूर्ण करायची. पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. ऑनर्स हा बाकीच्या अभ्यासावर चढवलेला जादा मजला नाही. प्रत्येकाला घ्यावेच लागणारे सर्वसाधारण विषय (लेखन, इतिहास, समाजशास्त्र, विज्ञान) तुम्ही मोठ्या वर्गाऐवजी छोट्या वर्गात घेता. खरं जादा काम असतं ते थीसिसचं.

प्रत्येक विद्यापीठाचा साचा वेगळा. ॲरिझोना स्टेटच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजमध्ये पहिल्या वर्षी आलेल्या मुलांना 'द ह्यूमन इव्हेंट' नावाचा दोन सेमिस्टरचा चर्चावर्ग घ्यावा लागतो. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठातला 'प्लॅन टू' १९३५ पासून चालू आहे आणि तो स्वतःच एक मुख्य विषय आहे, त्यात बी.ए. मिळते. पेन स्टेटच्या श्रायर ऑनर्स कॉलेजमध्ये थीसिसशिवाय सुटका नाही.

आपल्याकडची बी.ए. ऑनर्स आणि ही एकच का?

नाही. भारतात ऑनर्स म्हणजे पदवीचा प्रकार. एका विषयाचा सखोल अभ्यास असलेली बी.ए. किंवा बी.एस्सी. अशी त्याची जुनी ओळख. नव्या शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या, १६० क्रेडिटच्या पदवीला ऑनर्स म्हणतात, आणि पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स करता येतं. अमेरिकेत मात्र तुम्ही प्रवेश घेता तो समूहात. पदवी आहे तीच राहते. नातेवाइकांना समजावताना हा फरक आधी सांगा, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जातं.

ही पद्धत आली कुठून?

इंग्लंडमधून. ऑक्सफर्डमध्ये साधी पदवी आणि ऑनर्स पदवी असे दोन रस्ते होते. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर तिथे शिकून आलेले फ्रँक आयडेलॉट पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि १९२२ मध्ये त्यांनी तिथे ऑनर्स सुरू केलं: छोटे चर्चावर्ग, आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरच्या संस्थांतले तज्ज्ञ. स्वार्थमोरमध्ये बाहेरचे परीक्षक आजही येतात, लेखी तपासतात आणि तोंडीही घेतात. ज्याने शिकवलं त्यानेच मार्क द्यायचे नाहीत, म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी एकाच बाजूला बसतात. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत आवडते.

ऑनर्स कॉलेज आणि ऑनर्स प्रोग्रॅम यांत फरक काय?

कॉलेज म्हटलं की सहसा स्वतःचा डीन, स्वतःची इमारत, बऱ्याचदा स्वतःचं वसतिगृह. प्रोग्रॅम आकाराने लहान, एक संचालक आणि दोन-तीन माणसांचं कार्यालय. त्यावरून दर्जा ठरवू नका. 'ऑनर्स' हे नाव वापरायला कुणाची मान्यता लागत नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेली नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिल मार्गदर्शक तत्त्वं देते, पण मान्यता देणारी संस्था ती नाही. म्हणून नावापुढे जाऊन तीनच गोष्टी विचारा: ऑनर्सच्या वर्गात सरासरी किती मुलं असतात, ते वर्ग कायमस्वरूपी प्राध्यापक शिकवतात का, आणि पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण ऑनर्स पूर्ण करून बाहेर पडतात. तिसऱ्या प्रश्नाला आढेवेढे घेत उत्तर आलं तर सावध व्हा.

कुम लाउडे, डीन्स लिस्ट, ऑनर सोसायटी... हे सगळं ऑनर्सच ना?

शब्द सारखे, गोष्टी वेगळ्या. कुम लाउडे, मॅग्ना कुम लाउडे आणि सुम्मा कुम लाउडे हे पदवी मिळताना दिले जाणारे लॅटिन सन्मान. ते बहुतेक ठिकाणी जीपीएवर, म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेडच्या ४ पैकी सरासरीवर, ठरतात. डीन्स लिस्ट ही एका सेमिस्टरच्या गुणांची यादी. ऑनर सोसायटी म्हणजे गुणवंतांची संस्था. त्यांतली सगळ्यात जुनी फाय बीटा कॅपा, १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झालेली. तिच्यात तुम्हाला विद्यापीठातली शाखा निवडते, आणि तेही शिक्षणाच्या शेवटाकडे.

पहिल्याच वर्षी घरी छापील पत्र येतं, "तुमची निवड झाली आहे, अमुक डॉलर भरा", अशा संस्थांपासून जपा. पैसे भरण्याआधी विद्यापीठाच्या ऑनर्स कार्यालयात ते पत्र दाखवा. त्यांना अशी पत्रं ओळखीची असतात.

प्रवेशासाठी किती मार्क लागतात? अर्ज कसा करायचा?

एकच आकडा नाही. काही विद्यापीठं मुख्य अर्जावरूनच निमंत्रण देतात, काहींचा वेगळा अर्ज आणि एक-दोन जादा निबंध असतात. कॉमन ॲप (एकाच अर्जातून अनेक विद्यापीठांत अर्ज करायची ऑनलाइन सोय) दरवर्षी १ ऑगस्टला उघडतं. ऑनर्सची मुदत बऱ्याचदा विद्यापीठाच्या नेहमीच्या मुदतीच्या आधी संपते, आणि मुलं सगळ्यात जास्त इथेच चुकतात. प्रवेश मिळतो, ऑनर्सची तारीख मात्र कधीच उलटून गेलेली असते. यादी करताना प्रत्येक विद्यापीठापुढे दोन तारखा लिहा.

बारावीचे टक्के स्वतः जीपीएमध्ये बदलून लिहू नका. शाळेने दिलेले गुण जसेच्या तसे द्या. त्यांचा अर्थ लावणं हे प्रवेश कार्यालयाचं काम आहे.

ऑनर्सच्या निबंधात काय लिहायचं?

मुख्य अर्जाच्या निबंधात (कॉमन ॲपमध्ये जास्तीत जास्त ६५० शब्द) तुम्ही कोण आहात हे सांगायचं असतं. ऑनर्सच्या निबंधात तुम्ही विचार कसा करता ते दिसायला हवं. हा फरक लक्षात न आल्यामुळे चांगली चांगली मुलं पुन्हा आपली पदकं मोजत बसतात.

एका मुलीने मला मसुदा दाखवला होता. पहिल्या परिच्छेदात ऑलिंपियाड, दुसऱ्यात वक्तृत्व, तिसऱ्यात समाजसेवा. मी तिला विचारलं, गेल्या वर्षभरात अशी कुठली गोष्ट होती जी परीक्षेत येणार नव्हती तरी तू शोधत राहिलीस? बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, आजीच्या बोलण्यातले काही शब्द कुठल्याच शब्दकोशात सापडत नाहीत, ते ती वहीत लिहून ठेवते. कोणता शब्द कुठून आला असेल याचे तिचे स्वतःचे अंदाज होते, आणि त्यांतले दोन नंतर चुकीचे निघाले होते. आम्ही निबंध त्या वहीवर लिहिला, चुकलेल्या अंदाजांसकट. ते चुकलेले अंदाजच त्या निबंधाचा जीव होते. आपण चुकलो हे कसं कळलं, एवढं नीट सांगता आलं तर पदकांची गरज उरत नाही.

मोठ्या नावाचं खासगी विद्यापीठ सोडून राज्य विद्यापीठातलं ऑनर्स घ्यावं का?

पैशाचा ताण असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: हो, नक्की विचार करा. चांगल्या राज्य विद्यापीठातल्या ऑनर्समध्ये छोट्या कॉलेजातली जवळीक मिळते, आणि मोठ्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळा आणि ग्रंथालयही हाताशी असतं. कर्ज काढून घेतलेल्या नावाचं ओझं बाविसाव्या वर्षी कळतं.

पण ऑनर्सचा शिक्का म्हणजे नावाची भरपाई, असं समजून जाऊ नका. छोट्या वर्गात बसून बोलायची आणि एखाद्या प्रश्नामागे वर्षभर लागायची इच्छा नसेल, तर ऑनर्स घेऊन तुम्ही दुःखीच व्हाल, आणि ती जागाही अडेल.

यासाठी वेगळे पैसे लागतात का? शिष्यवृत्ती मिळते का?

काही ठिकाणी लागतात. बॅरेटमध्ये प्रत्येक सेमिस्टरला वेगळं ऑनर्स शुल्क आहे. काही ठिकाणी ऑनर्ससोबतच शिष्यवृत्ती मिळते. न्यूयॉर्क शहर विद्यापीठाचं २००१ मध्ये सुरू झालेलं मॅकॉले ऑनर्स कॉलेज शिक्षणशुल्काच्या शिष्यवृत्तीसाठी ओळखलं जातं, पण राज्याबाहेरच्या किंवा व्हिसावरच्या विद्यार्थ्याने अटी वाचल्याशिवाय तो आकडा आपल्या हिशेबात धरू नये. ऑनर्सचं वसतिगृह नेहमीच्या वसतिगृहापेक्षा महाग आहे का, आणि पहिल्या वर्षी तिथेच राहणं सक्तीचं आहे का, हेही विचारा.

गोल्डवॉटर आणि फुलब्राइट यू.एस. स्टुडंट यांसारख्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांसाठी ऑनर्स कार्यालय खूप मदत करतं. मात्र फुलब्राइटची ही शाखा अमेरिकन नागरिकांसाठी आहे, आणि गोल्डवॉटरलाही विद्यार्थी व्हिसा चालत नाही. माहितीपत्रकात या नावांची रांग बघून हुरळून जाण्याआधी एवढं तपासा.

ऑनर्समुळे जीपीए पडेल का?

ही भीती खरी आहे, कारण ऑनर्समध्ये टिकायला बहुतेक ठिकाणी ३.२ ते ३.५ च्या आसपास जीपीए राखावा लागतो. पण ऑनर्सचे वर्ग जास्त अवघड असतात असं सरसकट म्हणता येत नाही. ते वेगळे असतात. मोठ्या वर्गात दोन परीक्षांवर सगळं ठरतं. एक पेपर बिघडला की सेमिस्टर गेलं. ऑनर्सच्या वर्गात पाच-सहा निबंध, चर्चेतला सहभाग, एखादं सादरीकरण. पहिला निबंध बिघडला तर शिक्षक बोलावून सांगतात, तुम्ही पुन्हा लिहिता. पाठांतरावर वर आलेल्या मुलांना पहिलं सेमिस्टर जड जातं. मलाही गेलं. माझ्या पहिल्या निबंधावर शिक्षिकेने एकच वाक्य लिहिलं होतं: हे सगळं पुस्तकात आहे, तुला काय वाटतं? बारा वर्षांच्या शाळेत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी रडले होते, आणि नंतर त्याच शिक्षिकेकडे थीसिस केला.

जीपीए खाली आला तर लगेच काढून टाकत नाहीत. साधारण एक सेमिस्टर सुधारायला मिळतं.

इंजिनीअरिंग किंवा मेडिकलकडे जायचं असेल तर?

जमतं, पण आखणी पहिल्याच सेमिस्टरला करा. इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रम घट्ट बांधलेला असतो, ऐच्छिक विषयांना जागा कमी. एपीच्या (शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा) किंवा तत्सम क्रेडिटमुळे सर्वसाधारण विषय आधीच सुटले असतील, तर ऑनर्ससाठी लागणारे वर्ग बसवायला जागाच उरत नाही. हा गुंता खूपजणांचा होतो. मग उपयोगी पडतं ते ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट: तुम्ही साध्याच वर्गात बसता, पण प्राध्यापकांशी लेखी ठरवून एक जादा प्रकल्प करता, आणि त्या वर्गाला ऑनर्सचं क्रेडिट मिळतं. त्याचा अर्ज सेमिस्टरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच द्यावा लागतो.

वर्गात बोलायची भीती वाटते. इंग्रजीही अडखळतं. निभेल का?

निभेल. चर्चावर्गात अमेरिकन मुलं धाडधाड बोलतात, आणि आपल्याला वाटतं की यांना सगळं येतं. दोन-तीन आठवडे नीट ऐकलं की कळतं, बऱ्याच जणांनी वाचन पूर्ण केलेलंच नसतं. वाचन पूर्ण करून येणारा विद्यार्थी तिथे फार लवकर उठून दिसतो.

मी एक युक्ती केली होती. वर्गाला जाण्याआधी वाचनातला एक परिच्छेद निवडायचा, पान क्रमांक लिहून ठेवायचा, आणि त्यावर एक प्रश्न. चर्चा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत तो विचारून टाकायचा. "अमुक पानावर लेखक असं म्हणतो, पण आधी तर उलट म्हणाला होता, हे कसं?" एवढंच. उच्चार चुकले तरी पान क्रमांक बरोबर असतो, आणि सगळे ते पान उघडतात. उशीर केला की कुणीतरी तोच मुद्दा मांडतो आणि आपण तासभर मनातल्या मनात वाक्यं जुळवत बसतो.

आणि ऑफिस अवर्सना, म्हणजे शिक्षक आपल्या खोलीत विद्यार्थ्यांना भेटतात त्या वेळेला, जा. आपल्याकडे शिक्षकांच्या खोलीत जायचं म्हणजे काहीतरी चुकलं असलं पाहिजे, असं मनात रुजलेलं असतं. तिथे ती वेळ तुमच्यासाठीच राखून ठेवलेली असते.

विद्यार्थी व्हिसावर असताना काय सांभाळायचं?

एफ-१ व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात. ऑनर्सचा एखादा वर्ग झेपत नाही म्हणून सोडला आणि बेरीज ११ वर आली, तर प्रश्न जीपीएचा राहत नाही, व्हिसाचा होतो. वर्ग सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा, ऑनर्सच्या सल्लागाराला नंतर. प्रयोगशाळेतलं पगारी काम कॅम्पसवरच्या नोकरीत मोजलं जातं आणि सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते.

पालकांना मुलांचे मार्क कळतात का?

सहसा नाही. १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवर हक्क विद्यार्थ्याचा असतो. विद्यापीठाला फोन करण्यापेक्षा मुलांशीच बोला.

पहिल्या वर्षी मिळालं नाही, तर संपलं का?

अजिबात नाही. बऱ्याच ठिकाणी पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरनंतर आत घेतात, आणि तेव्हा शाळेतले गुण बाजूला पडून इथला जीपीए आणि प्राध्यापकांचं पत्र बघितलं जातं. कम्युनिटी कॉलेजांतही (दोन वर्षांची स्थानिक सरकारी कॉलेजं) ऑनर्स असतं. कॅलिफोर्नियातल्या काही कम्युनिटी कॉलेजांत ते पूर्ण केलं की ट्रान्स्फर अलायन्स प्रोग्रॅममधून यूसीएलएच्या (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) बदली प्रवेशात, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून मध्येच येणाऱ्यांच्या प्रवेशात, अग्रक्रम मिळतो.

मध्येच सोडलं तर?

पदवीला धक्का लागत नाही. घेतलेली क्रेडिट तुमचीच राहतात.

थीसिसचं काम कधी सुरू करायचं?

तुम्हाला वाटतं त्याच्या एक वर्ष आधी. चौथ्या वर्षी लिहायचा असतो, म्हणून मुलं चौथ्या वर्षी विषय शोधायला लागतात, आणि तोवर चांगले मार्गदर्शक भरलेले असतात. दुसऱ्या वर्षी ज्यांचा वर्ग आवडला त्यांच्याकडे जाऊन विचारा की तुम्ही सध्या कशावर काम करताय. तिसऱ्या वर्षी त्यांच्या कामात हात लावा, आणि त्या वर्षाच्या शेवटी तुमचा प्रश्न एका वाक्यात सांगता यायला हवा.

प्रश्न लहान ठेवा. "स्थलांतरितांची भाषा" हा विषय झाला, थीसिस नाही. "दोन भाषांच्या घरातली सहा-सात वर्षांची मुलं रागावल्यावर कोणत्या भाषेत बोलतात" हा थीसिस होऊ शकतो.

आता माझी चूक सांगते, कारण ती आजही मुलं करतात. माझ्या कामात माणसांच्या मुलाखती होत्या. माणसांवर संशोधन करायचं तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची, म्हणजे आयआरबीची, मंजुरी आधी लागते. साध्या प्रश्नावलीलाही अर्ज करावाच लागतो, मग समिती त्यातून सूट देवो वा न देवो. मला हे माहीत नव्हतं. मी सप्टेंबरमध्ये आठ मुलाखती घेऊन मोकळी झाले होते. मंजुरीआधी घेतलेली एकही मुलाखत वापरता आली नाही. अर्ज, दुरुस्त्या, पुन्हा अर्ज यांत नोव्हेंबर उजाडला. त्या आठ जणांकडे पुन्हा जावं लागलं. पाचच जणांनी वेळ दिला. तुमच्या थीसिसमध्ये जिवंत माणूस येणार असेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आयआरबीचा अर्ज बघा.

डिफेन्सच्या दिवशी काय होतं?

डिफेन्स म्हणजे थीसिसची तोंडी परीक्षा: दोन-तीन प्राध्यापक, साधारण तासभर. तुम्ही पंधरा-वीस मिनिटं मांडणी करता, मग प्रश्न. तोपर्यंत त्या छोट्याशा प्रश्नाबद्दल त्या खोलीत सर्वांत जास्त माहिती तुम्हालाच असते. "हे माझ्या माहितीत नाही, पण असं शोधता येईल" हे उत्तर तिथे चालतं, आणि परीक्षकांना ते आवडतं.

हे सगळं आपल्याला आवडेल का, ते आधीच कसं ओळखायचं?

बऱ्याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जुने ऑनर्स थीसिस डिजिटल संग्रहात ठेवलेले असतात, आणि त्यांतले पुष्कळ बाहेरच्या कुणालाही वाचता येतात. तुमच्या आवडीच्या विभागातले गेल्या चार-पाच वर्षांतले थीसिस उघडा. सगळे वाचायची गरज नाही. प्रस्तावना आणि ऋणनिर्देशाचं पान पुरे. कोणत्या प्राध्यापकांची नावं पुन्हा पुन्हा येतात, आणि मुलांनी त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. "वेळ दिल्याबद्दल आभार" एवढंच असेल, की कुणी लिहिलंय की सरांनी सहा वेळा मसुदा परत केला. त्यांतली दोन-तीन नावं वहीत लिहून ठेवा, आणि ऑनर्सच्या अर्जात तिथेच का यायचंय हे सांगताना त्यांच्या कामापासून सुरुवात करा.